वेल्डिंगचे यंत्र : घेताना आणि घेतल्यावर
(ज्ञातिसंस्थेच्या कासारवाडी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



निवृत्त शिक्षक दिसला की त्यास 'संस्कार' या विषयावर बोलावयास सांगावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. चिटणीसांनी आम्हांस तीच आज्ञा केली होती. आम्ही त्यांची क्षमा मागून विषय बदलून घेतला. कारण असे की, आपल्या कर्जनिधीकडे अलीकडे जे अर्ज येतात त्यांतील बरेचसे वेल्डिंगच्या यंत्रांसाठी असतात, आणि त्यांतील एका कर्जास आम्ही स्वतः जामीन होतो. त्या जामिनकीने आम्हांस जे शिकविले ते आज सांगावे असे वाटले. त्यात आमची एक ठळक चूकही आहे; ती आम्ही झाकून ठेवणार नाही.

कासारवाडीत लोहारांचा मेळावा भरतो याची बाहेरच्यांना गंमत वाटते. परंतु गावाचे नाव काहीही असो, आपले वाडवडील येथे आले ते कारखान्यांच्या ओढीने. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि भोसरी-चिंचवडच्या माळांवर एकामागून एक शेड उठू लागल्या. याच कासारवाडीत वाफेची उपकरणे करणारा फोर्ब्स मार्शल, शेजारी दापोडीस आल्फा लावल, पलीकडे चिंचवडास थरमॅक्स. बॉयलर, वाफेचे नळ, औषधांच्या आणि दुधाच्या टाक्या यांचा हा मुलूख. येथे गळका सांधा कोणी खपवून घेत नाही.

सांधा मारणे ही तर आपली पिढीजात विद्या. आमचे आजोबा बैलगाडीच्या चाकाची धाव सांधीत. पट्टीची दोन्ही टोके भट्टीत पांढरी होईतो तापवावयाची, वर टाकणखार किंवा बारीक वाळू टाकावयाची आणि ऐरणीवर धरून घण घालावयाचा. लहानपणी आम्ही विचारले, "आजोबा, ही वाळू कशाला?" ते म्हणाले, "मध्ये खपली राहू नये म्हणून." पुढे शाळेत रसायनशास्त्राचे पुस्तक हाती आले तेव्हा त्या उत्तराचा अर्थ कळला. तापलेल्या लोखंडास हवेतील प्राणवायू तत्काळ ग्रासतो व वर खपली धरते. ती खपली मध्ये राहिली तर सांधा बाहेरून मिटतो, आतून उघडाच राहतो. टाकणखार ती खपली पातळ करतो आणि घणाचा घाव तिला बाहेर फेकतो.

विजेच्या वेल्डिंगचे मर्मही याहून निराळे नाही. वितळलेल्या धातूस हवा लागू द्यावयाची नाही, एवढेच ते मर्म. स्वीडनमधील ऑस्कर क्येल्बर्ग हा जहाजांचे बॉयलर दुरुस्त करणारा अभियंता. त्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोखंडी रॉडवर लेप चढविण्याची युक्ती काढली. लेप जळून त्याचा वायू व मळी होते, आणि ती दोन्ही मिळून रसास झाकतात. पुढे १९४१ च्या सुमारास अमेरिकेत विमानांच्या कारखान्यात रसेल मेरेडिथ याने मॅग्नेशियमसारखा नाजूक धातू सांधण्यासाठी लेप सोडून दिला. त्याने टंगस्टनची न वितळणारी अणी घेतली आणि तिच्याभोवती हेलियम वायूचे आवरण सोडले. आज हेलियमच्या जागी बहुधा आर्गन असतो. म्हणून कागदावर ज्यास 'टिग' म्हणतात त्यास आपली मुले सरळ 'आर्गन' म्हणतात. टंगस्टन सुमारे ३४०० अंश सेल्सियसला वितळते, तेव्हा अणी टिकते आणि काम वितळते. नव्या धर्तीच्या एकाच यंत्रात ही दोन्ही कामे होतात, आणि महाग यंत्राचा मोह होतो तो येथेच.

आता आमची चूक. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा भोसरीच्या बाजूस लहानशी शेड चालवितो. चाकणकडील एका खाद्यपदार्थांच्या कारखान्याचे स्टेनलेस स्टीलच्या नळांचे व टाक्यांचे काम त्यास मिळाले. त्यासाठी चांगले यंत्र हवे होते. निधीचे कर्ज पुरेना, तेव्हा सूनबाईंनी आपल्या पाटल्या गहाण ठेवावयास काढून दिल्या. यंत्र पसंत करावयास तो आम्हांस बरोबर घेऊन गेला, कारण आम्ही मॅट्रिक आणि इंग्रजी वाचणारे. दुकानात दोन यंत्रे होती. एकाच्या दर्शनी भागावर २०० अँपियर, दुसऱ्याच्या २५०, आणि किंमत जवळजवळ सारखी. आम्ही गुरुजींच्या थाटात म्हणालो, "मोठा आकडा घे." मागच्या बाजूस पत्र्याची लहान पाटी होती. ती वाचण्याचे आम्हांस सुचलेच नाही.

त्या पाटीवर अँपियरच्या खाली शेकड्याचा आणखी एक आकडा असतो. त्यास ड्यूटी सायकल म्हणतात. दहा मिनिटांच्या घडीत त्या अँपियरवर यंत्र किती वेळ चालेल, हे तो सांगतो. २०० च्या यंत्राचा आकडा होता शेकडा ६०, म्हणजे सहा मिनिटे काम व चार मिनिटे विसावा. आमच्या २५० वाल्याचा होता शेकडा २०, म्हणजे दोन मिनिटे काम आणि आठ मिनिटे विसावा! यास एक साधा ठोकताळा आहे. अँपियरचा वर्ग करून त्यास शेकड्याने गुणले की येणारी संख्या त्या यंत्रापुरती साधारण कायम राहते. २५० चा वर्ग ६२,५००, त्याचे शेकडा २० म्हणजे १२,५००. हेच यंत्र शेकडा ६० ने चालवावयाचे तर १२,५०० ला ०.६ ने भागून वर्गमूळ काढावे. उत्तर येते सुमारे १४४. म्हणजे २५० चे म्हणून घेतलेले यंत्र शेजारच्या २०० वाल्यापुढे १४४ चेच ठरले. आम्ही ज्या मुलांना वर्गमूळ शिकविले त्यांतील कोणी तेथे असता तर आम्हांस बाकावर उभे केले असते.

शिवाय ही मोजणी भोवतालची हवा ४० अंश सेल्सियसपर्यंत धरून केलेली असते. मे महिन्यात भोसरीच्या पत्र्याखाली काय होते ते आपण जाणता. टाकीच्या जाड लोखंडी बैठकीसाठी पुतण्या ५ मिलिमीटरचा रॉड २०० अँपियरच्या आसपास लावी, आणि तीन-चार मिनिटांत पिवळा दिवा लागून यंत्र थांबे. ते बिघडत नव्हते. आपला जीव वाचवीत होते. परंतु त्या दिव्याने पोराच्या मनात संशय घातला की यंत्र खोटे आहे.

त्यातच आर्गनचे सांधे काळे पडू लागले. पहिला आठवडा रुपेरी, फिक्या सोनेरी झाकीचा सांधा येई. नंतर राखेसारखा, आणि त्यात सुईने टोचल्यासारखी छिद्रे. कारखान्याच्या तपासनिसाने चार नळ परत पाठविले. एका दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडून न पाहताच सांगितले की आतले कार्ड गेले, आणि खर्च सांगितला तो यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाजवळ जाणारा. माल द्यावयाची मुदत बारा दिवसांवर आली होती. रात्री पोर आमच्या ओट्यावर येऊन बसला. "काका, निम्म्या किमतीला गिऱ्हाईक आहे. देऊन टाकतो." जामीन आम्ही, पाटल्या सूनबाईंच्या, आम्हांस त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शंभर पानी वही घेऊन शेडमध्ये जाऊन बसलो. आम्हांस वेल्डिंग येत नाही, पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि जे दिसेल ते लिहावे, एवढे शाळेतील प्रयोगाच्या तासांनी शिकविले होते. प्रथम शेजाऱ्याचा आर्गनचा बाटला लावून पाहिला. सांधा काळाच. मग पुतण्यास विचारले की पहिल्या आठवड्यानंतर येथे काय नवे आले. तो म्हणाला, "काही नाही. उकाड्यामुळे पंखा तेवढा आणला." तो उभा पंखा थेट टेबलावर वारा घालीत होता! आर्गन हवेपेक्षा जड खरा, पण पंख्यापुढे त्याचे आवरण कसे टिकणार? पंखा बंद केला. काळेपणा निम्मा गेला. छिद्रे मात्र राहिली. गडी माणूस म्हणाला, गॅस वाढवा. मिनिटास आठ लिटरचे पंधरा केले, तर उलट अधिक बिघडले, कारण झोत फार जोराचा झाला की तोच घुसळून बाजूची हवा आत ओढतो.

मग टंगस्टनच्या अणीकडे लक्ष गेले. काम थांबल्यावर ती चकचकीत रुपेरी राहावयास हवी. ही निळीकाळी होती. म्हणजे हवा टॉर्चमध्येच कोठून तरी शिरत होती. शेजाऱ्याची टॉर्च जोडली, आणि पहिलाच सांधा आरशासारखा आला. यंत्र निर्दोष ठरले. पुतण्याने आपली टॉर्च सोडली, तेव्हा मागच्या टोपणातील रबरी कडे उन्हाळलेल्या मातीसारखे तडकलेले आढळले. पाच-दहा रुपयांचा तो जिन्नस. वहीत त्या दिवसाची नोंद सव्वाचार पाने आहे. माल मुदतीत गेला आणि पाटल्या पुढच्या दिवाळीत घरी आल्या.

यावरून कोणी असे समजू नये की यंत्र कधी बिघडतच नाही. ही हलकी इन्व्हर्टर यंत्रे नाजूक असतात. जुना तांब्याच्या गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर बापाने घ्यावा आणि मुलाने वापरावा असा होता. त्यास धूळ, ओल काही बाधत नसे. इन्व्हर्टरचा पंखा बाहेरची हवा आत खेचतो, आणि बाजूस ग्राइंडर चालू असला तर हवेबरोबर लोखंडाची पूडही आत जाते व कार्डावर बसते. पावसाळ्यात ओल आली की ठिणगी पडते. तेव्हा ग्राइंडर दूर ठेवावा. यंत्र विजेपासून तोडून, थोडा वेळ थांबून, हलक्या कोरड्या हवेने साफ करावे. थांबावयाचे कारण, वीज तोडली तरी आतील कपॅसिटरमध्ये ती काही काळ साठून असते.

रॉड चिकटतो अशी तक्रार नेहमी येते. तेथे प्रथम अर्थिंगचा चिमटा पाहावा. गंजावर किंवा रंगावर लावलेला चिमटा हे आमच्या वहीतील सर्वांत वारंवार आलेले कारण आहे. त्यानंतर वीज. २०० अँपियरवर रॉडची ठिणगी सुमारे २८ व्होल्टवर जळते, म्हणजे साडेपाच किलोवॅटच्या वर. यंत्रातील घट धरली तर २३० व्होल्टच्या एका फेजवर तीस अँपियर आणि अधिकही ओढले जातात. घरगुती सोळा अँपियरच्या प्लगवर आणि पन्नास फुटी बारीक वायरवर हे होणार नाही. मोठे काम असेल त्याने तीन फेजचेच यंत्र पाहावे. कमी हायड्रोजनचे ७०१८ रॉड असतील तर ते ओल धरतात. डब्यावर लिहिल्याप्रमाणे भट्टीत भाजूनच वापरावेत.

ज्यास ॲल्युमिनियम सांधावयाचे आहे त्याने एसी व डीसी दोन्ही देणारे यंत्र घ्यावे, कितीही महाग पडले तरी. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते, पण त्यावरील खपली २००० अंशांच्याही वर. एसीच्या उलट फेऱ्यात ती खपली फुटते. नुसत्या डीसीवर नेहमीच्या आर्गन कामात ती निघत नाही. केवळ लोखंड व स्टील करणाऱ्याने मात्र त्या सोयीसाठी कर्ज काढू नये. स्टीलवर अणी उणे टोकास जोडावयाची. ती चुकून अधिक टोकास लागली तर अणीचा गोळा होतो आणि पोरे टंगस्टनला दोष देतात. दुधाच्या किंवा औषधांच्या नळात आतूनही आर्गन सोडावा लागतो, नाहीतर बाहेरून सांधा सुंदर आणि आतून जळून दाणेदार, अशी स्थिती होते व त्या दाण्यांत घाण अडकते. काळ्या सांध्यास घासून चमक आणणारेही आहेत. त्यांच्याविषयी आम्ही येथे बोलत नाही.

भगिनींनो, एक गोष्ट आपणांसाठी. मुलगा टाकीच्या आत उतरून आर्गनचे काम करतो असे ऐकले तर त्यास विचारा की वर माणूस उभा असतो का आणि आत ताजी हवा सोडलेली असते का. आर्गनास रंग नाही, वास नाही. तो तळाशी साठतो आणि श्वासातील हवा हटवितो. माणसास गुदमरल्याचे कळतही नाही. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये किंचित किरणोत्सारी थोरियम असते. घासताना तिची पूड नाकात जाऊ नये. त्याऐवजी लँथॅनमची अणी मिळते, तीच घ्यावी.

कार्यकारी मंडळापुढे आमची मागणी लहान आहे. यंत्रासाठी कर्जाचा अर्ज येईल तेव्हा त्यास त्या यंत्राच्या मागील पाटीची नक्कल जोडलेली असावी, आणि शेकडा ६० वरील अँपियर किती हे अर्जदाराने स्वतःच्या हाताने भरावे. विक्रेत्याकडे आपल्याच कामाचा तुकडा, आपलाच रॉड नेऊन अर्धा तास यंत्र चालवून पाहावे. बरोबर ज्ञातीतील एखादा मुरलेला वेल्डर असावा. गुरुजींना नेऊ नये. पाटीवरील इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ आम्ही एका कागदावर लिहून आणले आहेत. तो कागद आणि ती वही बाहेर वर्गणीच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांस यंत्र घ्यावयाचे आहे त्यांनी भोजनाच्या पंगतीपूर्वी उतरून घ्यावे; वही मात्र पुतण्याची आहे, ती त्यास उद्या सकाळी कामावर लागते.