म्हातारपणची कमाई आणि सरकारी मदत



मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. कामगारांच्या पगाराच्या चिठ्ठ्या तपासता तपासता जेवढे गणित हाती आले, तेवढ्याच भांडवलावर आज बोलणार आहे. विषय एका आकड्याचा आहे: २१,००० रुपये.

आपल्या राज्यात पासष्टी गाठलेल्या निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झाली. चांगलेच झाले. परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, ही अट त्या वाढीच्या वेळी जागची हलली नाही. बाराने भागा, महिन्याला १,७५० रुपये होतात.

आता एकट्या राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या डोळ्यांसमोर आणा. दोघीही धुणीभांडी करतात. पहिलीला महिना १,७०० मिळतात. वर्षाचे झाले २०,४००. त्यात अनुदानाचे १८,००० मिळवा, म्हणजे ३८,४००. दुसरीला महिना १,८०० मिळतात. वर्षाचे २१,६०० झाले, ती अटीबाहेर गेली, अनुदान शून्य. महिन्याला शंभर रुपयांचे काम जास्त केले, म्हणून वर्षाकाठी ती पहिलीपेक्षा १६,८०० रुपयांनी मागे पडली!

मग तिने करावे काय? कमाई लपवावी. आणि येथेच आम्हां चळवळीतल्या माणसांचा संबंध येतो. लपवलेल्या कमाईची पावती मागता येत नाही. पगार बुडाला तरी तक्रार करता येत नाही. “बोभाटा केलास तर तुझेच अनुदान जाईल,” एवढे एक वाक्य मालकाला पुरते. गरिबासाठी केलेली अट अशी मालकाच्या हातची छडी बनते.

कोणी म्हणेल, तिजोरी अपुरी आहे, कोठेतरी रेघ ओढलीच पाहिजे. मान्य. पण रेघेपलीकडे एकदम कडा कशाला? उतार असावा. अमेरिकेत गरीब वृद्धांच्या मदतीत १९७४ पासून महिन्याच्या मजुरीतले पहिले ६५ डॉलर मोजत नाहीत, आणि उरलेल्यातले निम्मेच मोजतात. मात्र तो ६५ चा आकडाही पन्नास वर्षे गोठलेला आहे. तेवढे अनुकरण नको. ऑस्ट्रेलियात पेन्शन ठरवताना पंधरवड्याला ३०० डॉलरपर्यंतची मजुरी सोडून देतात, आणि न वापरलेली सवलत एका मर्यादेपर्यंत पुढच्या कामासाठी शिल्लक राहते.

आपण निदान एवढे मागू या: मर्यादेवरच्या कमाईच्या निम्मीच रक्कम अनुदानातून कापा. त्या दुसऱ्या बाईचे ६०० रुपये वर जातात. ३०० कापा आणि १७,७०० तिच्या हाती द्या. महागाई वाढली की भत्ता वाढावा, हे तत्त्व कामगारांनी झगडून मिळवले. तेच या मर्यादेलाही लावा.

म्हातारपणी पोटासाठी राबावे लागणे, हे कोणत्याच समाजाला भूषण नव्हे. पण जो राबतो, त्याला खोटे बोलायला लावणारा नियम तरी आपल्या नावाने चालू नये. एवढे मागणे आपल्यापुढे मांडून मी आपली रजा घेतो.