उबेचा हक्क आणि दारिद्र्याचा दाखला



ब्रिटनच्या हिवाळ्यात घर उबदार ठेवणे ही चैन नव्हे. जुन्या विटांच्या भिंती ओल धरतात, आणि अशा खोलीत वृद्ध माणूस वा तान्हे मूल राहिले की छातीचे विकार बळावतात. म्हणूनच त्या देशात ‘इंधन-दारिद्र्य’ असा स्वतंत्र शब्द रूढ झाला. ब्रेंडा बोर्डमन या विदुषीने १९९१ च्या आपल्या ग्रंथात त्याला मोजमाप दिले : पुरेशी ऊब मिळविण्यासाठी ज्या कुटुंबाला उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खर्च करावा लागतो, ते इंधन-दरिद्री. त्याआधीच १९८६ मध्ये गॅस आणि १९९० मध्ये वीजवितरण खाजगी भांडवलाच्या स्वाधीन होऊ लागले होते.

१९९७ साली मजूर पक्षाच्या सरकारने वृद्धांसाठी हिवाळी इंधन भत्ता सुरू केला. रक्कम फार मोठी नव्हती. पुढे ती साधारणतः २०० ते ३०० पौंडांवर स्थिरावली. त्याचे खरे मोल असे की, तो घेण्यासाठी कोणालाही आपले दारिद्र्य सिद्ध करावे लागत नसे. योगायोग पाहा, त्याच १९९७ साली भारतात सर्वांसाठी असलेली रेशनव्यवस्था मोडून दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली अशी शिधापत्रिकांची फाळणी झाली. रेषेच्या किंचित वर राहिलेल्या माणसाचे काय होते, हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला निराळे सांगावयास नको.

जुलै २०२४ मध्ये नेमकी तीच रेषा ब्रिटनमध्ये ओढली गेली, आणि तीही मजूर पक्षाच्याच अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांच्या हातून. भत्ता केवळ ‘पेन्शन क्रेडिट’सारखे गरिबांसाठीचे साहाय्य घेणाऱ्यांनाच मिळेल, असे ठरले. एकट्या वृद्धाच्या बाबतीत त्या साहाय्याची सर्वसाधारण मर्यादा त्या वर्षी आठवड्याला २१८ पौंड १५ पेन्स होती. त्याहून दोन पौंड अधिक मिळविणारी विधवा सरकारच्या लेखी सुस्थित ठरली! सुमारे एक कोटी वृद्धांचा भत्ता गेला. जे खरोखर पात्र होते, त्यांच्यापैकीही जवळजवळ एक तृतीयांश कुटुंबे हे साहाय्य मागतच नव्हती. मागणार तरी कशी? अर्जात दोनशेहून अधिक प्रश्न होते. शिवाय आयुष्यभर राबलेल्या माणसाला दारिद्र्याचा दाखला मागताना जी लाज वाटते, तिच्यासाठी अर्जात रकाना नसतो. जनक्षोभ वाढला, स्थानिक निवडणुकांत पक्षाला फटका बसला, आणि जून २०२५ मध्ये वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या वृद्धांना भत्ता परत देण्याची घोषणा झाली.

परंतु वृद्ध नसलेल्या, राबूनही गरीब राहिलेल्या कुटुंबाचे काय? पात्र ठरल्यास वीजबिलात वर्षाकाठी १५० पौंडांची सूट मिळते. तिचा खर्च मात्र सर्व ग्राहकांच्या बिलांतूनच, म्हणजे गरिबांच्याही खिशातून, वसूल होतो. इंग्लंड व वेल्समध्ये सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य अंश वा त्याखाली गेले, तर २५ पौंड मिळतात. थंडीनेही शासकीय नियम पाळावेत, अशी ही अपेक्षा! स्कॉटलंडने ही अट टाकून दरवर्षी एक ठरावीक रक्कम देण्याचा अधिक शहाणा मार्ग पत्करला आहे.

सर्वांत क्रूर प्रकार आहे तो आगाऊ पैसे भरावयाच्या मीटरचा. थकबाकीदाराच्या घरी न्यायालयाचे वॉरंट घेऊन हे मीटर सक्तीने बसविले जात. आजारी माणसे आणि लहान मुले असलेली घरेही त्यातून सुटली नाहीत, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडकीस आल्यावर नियामक संस्थेने ती सक्ती थांबविली आणि पुढे दोन वर्षांखालील मुले असलेल्या घरांना, तसेच निराधार अतिवृद्धांना, तिच्यातून वगळले. पूर्वी बसलेले असंख्य मीटर मात्र जागच्या जागी राहिले. या मीटरची खुबी अशी की, वीज तोडावयास कोणी अधिकारी येतच नाही. शिल्लक संपते आणि घर आपोआप गार पडते. कंपनीच्या दप्तरी कोणाचाही पुरवठा तोडल्याची नोंद होत नाही. अंधारातही दैनंदिन स्थिर आकार चढतच असतो. मजुरी हाती येताच दहा पौंड भरले की त्यातून प्रथम तो आकार आणि जुनी थकबाकी कापली जाते, आणि जे उरते त्यावर खोली तापते.