फादर स्टीफन्स यांच्या मराठीस्तुतीच्या ओव्या : एक मनन
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं आम्हीं एका जुन्या कवीच्या मोजक्या ओव्या मननासाठीं निवडल्या आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या अगदीं आरंभीं मराठी भाषेची जी स्तुति आहे, त्याच ह्या ओव्या. आपल्यांपैकीं पुष्कळांना त्या शाळेंतच मुखोद्गत झाल्या असतील. परंतु मुखोद्गत वचनें ओठांवर इतकीं सहज येतात, कीं त्यांच्यापाशीं थांबण्याचें मनाला सुचत नाहीं.

कवि कोण, तें थोडक्यांत सांगूं. इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं लिस्बनहून निघून गोव्यास पोंचला आणि १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत गोव्यांतील साष्टी प्रांतांत झटला. सुमारें अकरा हजार ओव्यांचें त्याचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें.

ह्या ओव्यांत खडे, रत्नें, फुलें, सुगंध, पक्षी, वृक्ष, तारे, आठवड्याचे वार, अशा एकेका समुदायांतून कवि श्रेष्ठ तें निवडतो व तो मान मराठीला देतो. पुष्कळ जण ह्यांत भाषेचा अभिमान पाहतात. आम्हांस येथें कृतज्ञता दिसते. अभिमान आपल्या वस्तूचा असतो; ही भाषा तर कवीला परक्या घरीं मिळालेली होती. पाहुण्यानें यजमानाच्या ताटाची वाखाणणी करावी, तशी ही स्तुति आहे. शिवाय मोर श्रेष्ठ म्हणून इतर पक्षी रानांतून हांकून द्यावे, असें तो कोठेंच म्हणत नाहीं. वारांमध्यें रवि आणि सोम थोर ठरले, तरी उरलेले पांच वार प्रभूचेच राहतात. रविवाराच्या उल्लेखापाशीं आम्हांस पुनरुत्थानाची पहांट आठवते; कवीच्या मनांत ती होती कीं नव्हती, ह्याविषयीं आमचा आग्रह नाहीं.

आतां एक शंका. जो मराठीला इतकी चोख म्हणतो, तोच आपल्या गद्य प्रस्तावनेंत सांगतो, कीं शुद्ध मराठी साध्या जनांस उमगत नाहीं, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून येथील ब्राह्मणांच्या बोलींतले सोपे शब्द आपण ठायीं ठायीं मिसळले. मग चोखपणा कोठें राहिला? आमच्या मतें ह्या प्रश्नांतच त्या ओव्यांचा खरा अर्थ दडलेला आहे. रत्न पेटींत ठेवण्यासाठीं नसून गरिबाच्या हातीं देण्यासाठीं आहे, असें ह्या कवीनें ओळखलें. शब्दानें देह धारण केला, हें रहस्य शिकविणाऱ्यानें आपली वाणी ऐकणाऱ्यासाठीं लववावी, ह्यांत नवल तें काय?

ह्याच भागांत एक नवख्रिस्ती श्रोता कवीला विनवितो, कीं जुनीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तर त्यांच्या जागीं कांहीं तरी द्यावें. ती तहान खरी होती. पुढें १६८४ सालीं तर गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेनें लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. १६१६ च्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरीही पुराण उरलें, कारण भाविकांनीं हातानें नकला केल्या आणि घरोघर त्या वाचल्या. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हा छापलें गेलें.

बंधुभगिनींनो, आज आपल्यावर असा कोणाचा हुकूम नाहीं. तरीही कित्येक घरांत आजी मराठींत रोझरी म्हणते आणि नातू तिच्या शेजारीं मुका बसतो. मुलांनीं इंग्रजी अवश्य शिकावी. कवीची मातृभाषाही तीच होती. परंतु ज्या भाषेंत आजी रडते, त्या भाषेंत नातवाला तिच्यासाठीं प्रार्थना करितां येऊं नये, हें मोठें दारिद्र्य होय. आपल्या घरची वाडवळी असो, सामवेदी असो, ती अशुद्ध म्हणून तिची लाज बाळगूं नका. ज्यानें मराठीला रत्नाची उपमा दिली, त्यानेंच लोकांच्या बोलीला आपल्या पुराणांत मानाचें आसन दिलें.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरानें सायंप्रार्थनेचें एक तरी दशक मुलांच्या मुखीं मराठींत द्यावें, एवढेंच आमचें मागणें आहे. ज्या प्रभूनें आपल्याला वाणी दिली, तो ती आपल्या लेंकरांच्या ओठीं अखंड ठेवो. आमेन.