खाज गेली, नायटा तिथेच

आजचा विषय जरा लाजेचा आहे, तेव्हा हेडफोन लावलेत तर बरं. जांघेतला नायटा. कोणी गजकर्ण म्हणतं, कोणी नुसतं ‘खाज येते’ म्हणून विषय बदलतं.

मी वरळीच्या बीडीडी चाळीतला. 160 चौरस फुटांची खोली आणि माणसं सहा. पावसाळ्यात पॅसेजमधल्या दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, पण ही गोष्ट त्याच्या आधीची. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, अंगावर ओली जीन्स, खच्चून भरलेली लोकल. जांघेत लाल गोल चट्टा आला. घरी सांगणार कसं? आमच्याकडे आडोसा म्हणजे कपाटाचं उघडं दार. शेवटी शेजारच्या दादाला विचारलं. त्याने आपली अर्धी ट्यूब दिली. “लाव, दोन दिवसांत गायब.”

खरंच गेली हो खाज! मग मी लावणं बंद केलं. आठवड्याभरात परत आली, परत लावली. असं सात-आठ महिने चाललं. चट्टा कमरेपर्यंत चढला, आणि मग धाकट्या बहिणीच्या हातावरही तसाच एक उमटला. टॉवेल एकच होता ना.

स्किनच्या डॉक्टर मॅडमनी आधी ट्यूबच मागितली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, क्लोबेटासॉल. म्हणजे कडक स्टिरॉइड. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबतं, बुरशी मात्र आत मजेत वाढते. आमच्या भाषेत, एरर मेसेज बंद केला, बग चालूच. कातडी पातळ होते ते वेगळंच. माझ्या जांघेत पडलेले पांढरे वळ आता कायमचे आहेत. अशी बरीच मलमं 2018 पासून शेड्यूल एच मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मिळतात, हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं तर नायट्यावर आपल्या मनाने लावू नका.

आता लावायचं कसं? आंघोळ करा, अंग पूर्ण कोरडं करा, मगच औषध. चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, कारण बुरशी कडेने पसरते. बाहेरून आत या, मग हात साबणाने धुवा. दिवसातून किती वेळा ते औषधावर ठरतं. क्लोट्रिमाझोल दोनदा, ल्युलिकोनाझोल एकदाच. जास्त वेळा फासून लवकर बरं होत नाही, आग मात्र होते. केसाळ जागी जेल बरं पडतं, पण खाजवून सोललेल्या कातडीवर ते झोंबतं. आणि चट्टा दिसेनासा झाला तरी पुढे दोन आठवडे लावायचं. मी नेमका इथेच चुकलो.

किती लावायचं याचं माप 1991 साली ब्रिटनमधल्या लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी दिलं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत एक पट्टी, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. आता हिशोब करा. तेवढ्या चट्ट्याला रोज दोनदा म्हणजे दिवसाला एक ग्रॅम. 15 ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपायला हवी. आमच्या घरी एकच ट्यूब तिघं मिळून दोन महिने पुरवत होतो!

चट्टे खूप असतील, चेहऱ्यावर असतील, लहान मुलाला असतील किंवा आधी स्टिरॉइड लावून झालं असेल, तर सरळ डॉक्टर गाठा. गोळ्याही लागतात, मला लागल्या. परळला केईएम आहे, मुंबई सेंट्रलला नायर आहे, दोन्हीकडे त्वचेची ओपीडी आहे. घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सगळ्यांनी एकदमच उपचार घ्या आणि टॉवेल वेगळे करा.

बरा झाल्यावर मी दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अरे, मला कुठे माहीत होतं? मला ती ट्यूब खालच्या मजल्यावरच्या काकांनी दिली होती.”