जाम झालेले इंजिन

सरस्वती महालातले मोडी कागद पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या तंजावरला दमट हवेची ओळख नव्याने करून द्यावयास नको. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस; अशा हवेत कुर्ल्याला बनलेली एखादी प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षे उभी राहिली, की पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरच्या भिंतीला चिकटतात. चावी फिरवावी, तर इंजिन हलत नाही.

अधीर मालक गियर टाकून गाडी ढकलतो, आणि जे वाचले असते तेही मोडते. जाणता मेस्त्री प्लग काढतो, सिलिंडरांत पातळ तेल सोडतो आणि काही दिवस थांबतो. मग फ्लायव्हील हातानेच, केसभर पुढे, केसभर मागे. (हा थांबण्याचा काळ कोणत्याही बिलात दिसत नाही.) इंजिन सुटले तरी हेड उतरवून भिंती पाहाव्याच लागतात. ओरखडे खोल असल्यास ६८ मिलिमीटरचा बोअर किंचित वाढवून मोठे पिस्टन बसवितात.

पूर्वी पुष्कळांनी सरळ डिझेल इंजिन बसविले. गाडी चालू लागली. पद्मिनी मात्र उरली नाही. ब्लॉकलाच तडा गेला असेल, तर त्याच जातीचा दुसरा शोधावा. क्रमांक निराळा असल्याने नोंदणीपुस्तकातही तो बदलून घ्यावा लागतो.