मनमाडचा वड आणि आल्प्सचा मुगो

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात 'माझा छंद' या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पुलांच्या गर्डरवर नोकरी काढलेला माणूस. भाषणाची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

गच्चीवर टाकीच्या मागे माझ्या कुंड्या आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे येणारा प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो. पहिला, घरात बोन्साय ठेवलं की घराची प्रगती खुंटते म्हणतात, खरं का? माझी मुलगी इंजिनियर होऊन स्वित्झर्लंडला गेली, नातू तिथे शाळेत जातो. आता आणखी किती प्रगती हवी? दुसरा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेत नाही. काका, हा झाडाचा छळ नाही का?

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक जपानी पाइन आहे. 1625 पासून तो कुंडीत वाढवला जातोय, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पाच वर्षं आधीपासून. यामाकी नावाच्या हिरोशिमातल्या कुटुंबाने तो पिढ्यानपिढ्या सांभाळला. 1945 साली अणुबॉम्ब पडला, त्या जागेपासून हे घर साधारण तीन किलोमीटरवर होतं. भिंतीच्या आडोशाने झाड वाचलं. 1976 मध्ये त्यांनी तेच झाड अमेरिकेला भेट दिलं आणि बॉम्बबद्दल चकार शब्द काढला नाही. 2001 साली यामाकींचे नातू ते झाड बघायला गेले, तेव्हा ही हकीकत तिथल्या लोकांना कळली. हाल झालेलं झाड चारशे वर्षं जगत नाही. पण चुकीच्या हातात पडलेलं झाड मरतं, हेही तितकंच खरं. ते मला कसं कळलं, तेच आज सांगणार आहे.

आपली इमारत चार-पाच वर्षांची असताना ए विंगच्या कठड्याच्या भेगेत वडाचं रोप उगवलं होतं. पाखरांची कृपा! वॉटरप्रूफिंग फुटेल म्हणून मुळावर ॲसिड ओतायचं ठरलं. मी एक दिवस मागून घेतला आणि छिन्नीने प्लास्टर फोडून ते रोप सोडवलं. मुळं जेमतेम बोटभर हाती आली. विटांचा चुरा, चाळलेला मुरूम आणि थोडं जुनं शेणखत एवढ्यावर ते लागलं. तोच हा वड, आज खाली टेबलावर ठेवलाय.

वडाचं एक बरं असतं. तो चुका पोटात घालतो. सगळी पानं काढा, फांदी खोडाशी छाटा, पाऊस पडला की जुन्या लाकडातूनही कोंब फुटतात. मृगाच्या सुमाराला कुंडीतून काढून मुळं पार धुऊन कापली तरी महिन्याभरात पुन्हा हिरवा. वळण द्यायला तार गुंडाळायची. वर्कशॉपमुळे मला तांब्याची तार लाल करून मऊ करायची सवय होती. पावसाळ्यात मात्र दीड-दोन महिन्यांत तार सालीत रुतते, ती वेळेवर कापावी लागते. उलगडत बसायची नाही, नाहीतर फांदी मोडते.

पाण्याचं सांगायलाच हवं, कारण त्यावरून मीटिंगमध्ये माझ्यावर तोफा डागल्या गेल्या होत्या. 2016 चा उन्हाळा आठवा. नळाला वीस-पंचवीस दिवसांनी पाणी, टँकरची वर्गणी, आणि हा गृहस्थ कुंड्यांना पाणी घालतो! तक्रार रास्त होती. त्या दिवसापासून सोसायटीच्या टाकीचा एक तांब्याही मी झाडांना घातला नाही. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी वापरलं. फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणीही घालून पाहिलं, पण मातीवर क्षाराचा पांढरा थर धरायला लागला, ते बंद केलं. एसीचं पाणी चांगलं, त्यात क्षार नसतात. शेडनेट बांधलं, मातीवर काथ्या अंथरला. तरी सात कुंड्या गेल्या. वड राहिला. मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त बोललेल्या काकू मे महिन्यात तांदूळ धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन गच्चीवर आल्या होत्या. त्या आज समोर बसल्यात, नाव घेत नाही.

असो. 2018 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे झुरिचला गेलो. तिने डोंगरात नेलं. उंचावर, जिथे मोठी झाडं संपतात, तिथे उतारावर कमरेएवढे पाइन पसरलेले. मुळाशी आडवे, मग टोकं वर उचललेली. आपल्या हिमालयातल्या चीड वृक्षाचा हा भाऊबंद, नाव मुगो पाइन. दरवर्षी बर्फाचं ओझं अंगावर घेतो, वाकतो पण मोडत नाही. कुणी तार न लावता तयार झालेली बोन्सायच ती! मी तासभर तिथून हललो नाही. मुलीने मग नर्सरीतून कुंडीतला एक मुगो आणला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही शिकवा, मी करते."

मनमाडला आणायचा विचार आला होता. पण परदेशातलं रोप परवान्याशिवाय, तिथल्या रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय आणता येत नाही. शिवाय या झाडाला हिवाळ्यात गारठ्यात झोपावं लागतं. आपल्याकडे डिसेंबरात चार दिवस थंडी, मग मेमध्ये चाळिशीच्या वर पारा. इथे तो टिकला नसता. म्हणून झाड तिच्या बाल्कनीत आणि मास्तर मनमाडला, फोनवर.

पुढच्या वसंतात मी तिला सांगितलं, कुंडीतून काढ, सगळी माती पाण्याने धुऊन टाक, मुळं अर्धी काप. ती म्हणाली, "नर्सरीवाले म्हणतात, पाइनची मुळं धुवायची नाहीत." मी म्हणालो, "वीस झाडं केलीत मी." तिने माझं ऐकलं. त्यावर शिल्लक फांद्याही सुया काढून छाटायला लावल्या, वडासारख्या.

पाइन मेला तरी लगेच सांगत नाही. रोज व्हिडिओवर ती दाखवायची, "बघा बाबा, हिरवा आहे." दोन महिने हिरवाच होता. मग एका आठवड्यात सगळा तांबूस झाला. ती मला काही बोलली नाही. नातवाने मात्र विचारलं, "आजोबा, तुम्हाला माहीत नव्हतं का?" काय सांगणार? नव्हतं माहीत, आणि विचारायची लाज वाटली होती.

मग मी या वयात पुन्हा विद्यार्थी झालो. पाइनच्या मुळांवर पांढरी बुरशी असते, ती रोग नाही, झाडाची सोबतीण आहे. ती मुळांना पाणी आणि खनिजं मिळवून देते. सगळी माती धुतली की तीही जाते. म्हणून मुळांचा अर्धा भागच मोकळा करायचा, उरलेला अर्धा एक-दोन वर्षांनी. दुसरं म्हणजे, ज्या फांदीवर एकही हिरवी सुई उरली नाही, ती फांदी परत फुटत नाही, वाळते. छाटायचं ते टोकाला सुया राखून. वसंतात कोवळे कोंब मेणबत्त्यांसारखे उभे राहतात. त्यातला जो फार जोर करतो त्यालाच आवरायचं. सगळे मोडायचे नाहीत, कारण मुगो वर्षाला एकदाच फुटतो. एका वर्षात एकच मोठं काम. मुळं हलवली त्या वर्षी कात्रीला हात नाही. तार वर्ष-दोन वर्षं राहू शकते, फांदी लवचीक असते, पण ठरायला वेळ घेते.

2019 च्या शरदात मुलीने दुसरा मुगो आणला. या वेळी मी म्हणालो, "नर्सरीवाले काय म्हणतात ते आधी मला सांग." एका बाजूची मुळं 2020 मध्ये मोकळी केली, दुसऱ्या बाजूची 2022 मध्ये. मधल्या कोविडच्या काळात जाणं झालं नाही, नातवानेच रोज फोन झाडासमोर धरला. तार लावायला आता तो मदत करतो. त्याने एक फांदी मला न विचारता खाली वळवली आहे. डोंगरात बर्फाने वाकते तशी. मी ठेवली असती तर सरळ ठेवली असती. त्याची चांगली दिसते.

कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी टेबलावरचा वड जरूर बघा. उजव्या फांदीवर परवाच तार चढवली आहे, तेव्हा लहान मुलांनी तेवढी ओढू नये. ज्यांच्या बाल्कनीच्या भिंतीत वड, पिंपळ, उंबर उगवला असेल त्यांनी ॲसिड आणण्याआधी मला हाक मारा. छिन्नी माझी.