वारशाची बंदूक : दुरुस्ती की जतन?

(वाचनालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या व्याख्यानाला बंदुकीचा विषय निवडावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. तथापि बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या टापूतील जुन्या वाड्यांचा ज्यांना परिचय आहे, त्यांना त्यात नवल वाटू नये. देसाई, पाटील, इनामदार, गडकरी अशा घराण्यांच्या वाड्यांत मोडी कागदांची रुमालात बांधलेली दप्तरे आणि खुंटीवरची ठासणीची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या एकाच छपराखाली नांदत आली. दप्तराला कसर लागली, बंदुकीला गंज चढला. आता अशा घरांतील एखादा नातू किंवा पणतू ती बंदूक खाली काढतो, फडक्याने पुसतो आणि म्हणतो, ‘‘ही एकदा दुरुस्त करून घेतली पाहिजे.’’ त्याचा हेतू उत्तम असतो. परंतु ‘दुरुस्त करणे’ या दोन शब्दांत नेमके काय करायचे आहे, याचा विचार आधी झाला नाही, तर गंजाने दीडशे वर्षांत जे केले नाही ते एका दुपारच्या कामाने होऊन जाते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

या भागात अशा बंदुका आल्या कोठून, हे प्रथम पाहणे उचित ठरेल. घाट उतरला की गोवा. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतल्यानंतर तेथील बंदूक घडविणारे कारागीर युरोपातील उत्तम कारागिरांच्या तोडीचे आहेत, असे अल्बुकर्कने आपल्या राजाला कळविले होते. पुढे मराठेशाहीत तोड्याची बंदूक सर्वत्र रूढ झाली. लोखंडाची पट्टी गजाभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून सांधायची आणि तिची नळी करायची, ही देशी कारागिरांची पद्धत होती. नळीच्या मागील टोकाशी बारीक छिद्र असे, त्याला कान म्हणत. कानाशेजारच्या खोबणीत रंजक, म्हणजे बारीक दारू, घालावयाची. तोंडातून दारू व गोळी भरून गजाने ठासावयाची. चाप ओढला की पेटता तोडा रंजकेवर टेकत असे. त्यानंतर गारेच्या ठिणगीवर उडणारी बंदूक आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तांब्याच्या टोपीची. कित्येक घरांतील बंदुकीत या तिन्ही काळांच्या खुणा एकत्र आढळतात. नळी तोड्याच्या काळातली, घोडा टोपीचा, दस्ता त्याहूनही अलीकडचा. घराण्याने ती बंदूक किती काळ आणि कशा परिस्थितीत वापरली, याचा तो पुरावाच होय.

अशा बंदुका आज इतक्या थोड्या का उरल्या, याचे उत्तर या भूमीच्या इतिहासातच आहे. १८१८ साली मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला. १८२४ साली कित्तूर उठले. १८४१ साली निपाणीच्या किल्ल्यात उठाव झाला, तर १८४४ साली सामानगडच्या गडकऱ्यांनी कंपनी सरकारला आव्हान दिले. या प्रत्येक प्रसंगी बंदूक बाळगणारा सामान्य शिपाईगडी लढ्याच्या अग्रभागी होता. साहजिकच १८५७ साली निःशस्त्रीकरणाचा कायदा झाला, तेव्हा त्याची झळ येथे फार तीव्रतेने लागली. मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेडरांनी शस्त्रे देण्यास नकार दिला. त्यांच्यावर फौज चालून गेली आणि पुढे अनेकांना फाशी झाली. हलगलीच्या त्या प्रसंगावरील कानडी पोवाडा फ्लीट याने पुढे संग्रहित केला.

त्यानंतर काही महिन्यांतच नरगुंदचे प्रकरण घडले. नरगुंदचे संस्थानिक भास्करराव तथा बाबासाहेब भावे हे मराठी घराण्यातले. शस्त्रे स्वाधीन करण्याचा हुकूम आणि दत्तकाची नामंजुरी ही त्यांच्या असंतोषाची प्रमुख कारणे होती. मे १८५८ मध्ये पोलिटिकल एजंट मॅन्सन सुरीबान येथे मारला गेला, जूनच्या आरंभी नरगुंद पडले आणि १२ जून १८५८ रोजी बाबासाहेबांना याच बेळगावात फाशी देण्यात आली. या सभागृहातील ग्रंथप्रेमींनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट ही की, बाबासाहेब हे संस्कृत ग्रंथांच्या मोठ्या संग्रहाबद्दल ख्यातनाम होते. ग्रंथ आणि शस्त्र या दोहोंचा संग्रह करणारे ते घर एकाच उन्हाळ्यात उद्ध्वस्त झाले.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची पद्धत कायम केली. याच कर्नाटकातील कोडगूच्या लोकांना मात्र परवान्यातून सूट मिळाली. ती अद्याप चालू असून २०१९ साली केंद्र सरकारने तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली. तेथे कैलपोळ्दच्या सणाला घरोघरी बंदुकीची पूजा होते. आपल्या भागात अशी सूट नव्हती. त्यामुळे येथे जी बंदूक उरली, ती एकतर परवान्यावर उरली किंवा निकामी म्हणून अडगळीत उरली. ती उरली हेच मुळी विशेष आहे. म्हणूनच तिच्यावर हात चालविण्यापूर्वी थांबणे अगत्याचे ठरते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावयास हरकत नाही.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. ठासणीची बंदूक भरलेलीच आहे, असे गृहीत धरूनच तिला हात लावावा. भरून ठेवलेली बंदूक न उडविताच खुंटीला टांगली जाई आणि पुढील पिढीला त्याची वार्ताही नसे. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. परीक्षा अगदी सोपी आहे. बंदुकीच्या तोंडाकडून स्वतः दूर राहून एक लाकडी काठी नळीत हलकेच घालावी, तोंडापाशी तिच्यावर खूण करावी आणि तीच काठी नळीच्या बाहेरून लावून पाहावी. काठी कानाच्या जवळपास पोहोचली तर नळी बहुधा रिकामी आहे. चार-सहा बोटे अलीकडेच थांबली तर आत काहीतरी आहे. अशा वेळी तापविणे, ठोकणे, छिद्र पाडणे हे सारे वर्ज्य समजावे आणि परवानाधारक बंदूक कारागीर किंवा पोलीस यांनाच पाचारण करावे.

दुसरी गोष्ट नोंदीची. काहीही पुसण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. लांबी, वजन, नळीच्या तोंडाचा व्यास, प्रत्येक अक्षर, आकडा व ठसा टिपून ठेवावा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर आधी हृदयाच्या आकाराचे चिन्ह आणि नंतर उभ्या सिंहाची मुद्रा येते. देशी नळीवर कधी देवनागरी वा फारसी अक्षरे असतात. गंजाच्या थराखाली हे सारे अर्धवट दिसत असते, आणि पॉलिश कागदाच्या चार फेऱ्यांत ते कायमचे नाहीसे होते.

तिसरी गोष्ट गंजाची. सर्वच गंज सारखा नसतो. बोटाला लागणारा, भुकटी सुटणारा तांबूस गंज जिवंत असतो, तो लोखंड खात असतो. काळपट तपकिरी, घट्ट बसलेला थर मात्र बहुधा स्थिर असतो. किंबहुना कित्येक नळ्यांना तो रंग कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. पहिल्याला हलक्या तेलाने भिजवून मऊ ब्रशने वा लाकडी काडीने काढावे. दुसऱ्याला हात लावू नये. त्यानंतर स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडे करून, वस्तुसंग्रहालये वापरतात त्या प्रकारच्या मेणाचा पातळ हात द्यावा. हाताच्या घामातील क्षार लोखंडाला बाधतात, यास्तव सुती हातमोजे घालावेत.

येथे एका प्रचलित प्रथेचा उल्लेख करणे भाग आहे. खंडेनवमीला शस्त्रपूजन होते. ते व्हावेच. त्या एका दिवसामुळेच कित्येक घरांत बंदूक टिकून राहिली, कारण वर्षातून एकदा तरी तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले. परंतु पूजेपूर्वी चिंच, लिंबू वा राखेने घासून लखलखीत करण्याची आणि पूजेनंतर ओले गंध, हळदकुंकू तसेच राहू देण्याची चाल घातक आहे. आंबटाने लोखंडाचा वरचा थर जातो आणि ओल्या गंधाखाली नवा गंज धरतो. गंध-फुले बंदुकीखालच्या पाटावर वाहिली आणि बंदूक कोरडी राहिली, तर देवाचा काही अवमान होत नाही.

चौथी गोष्ट लाकडाची. दस्त्याला व्हार्निश चढवू नये. वाळवी वा भुंगेऱ्यांची छिद्रे दिसली तर ती वस्तू प्रथम इतर सामानापासून वेगळी ठेवावी. तडा जोडायचा तर पुढे सोडविता येईल अशाच डिंकाने जोडावा. हरवलेला गज नवा केला तर त्यावर केल्याचे साल कोरून ठेवावे, म्हणजे उद्याचा अभ्यासक फसणार नाही. जे नव्याने घालावे ते ओळखू यावे आणि काढताही यावे, हे जतनशास्त्राचे मूलतत्त्व आहे. बेळगाव-खानापूरचा पावसाळा दीर्घ आणि दमट असतो. तेव्हा बाहेरच्या भिंतीवर बंदूक टांगू नये आणि चामड्याच्या वा लोकरीच्या गवसणीत ती गुंडाळू नये. ही वेष्टणे ओल धरून ठेवतात.

ग्रंथालयाच्या सभासदांना या तत्त्वाची ओळख वेगळी करून द्यावयास नको. जुन्या ग्रंथाची बांधणी करताना बाइंडरने कडा सरळ छाटल्या, तर पुस्तक देखणे होते. समासातील हस्ताक्षर मात्र कात्रीखाली जाते. बंदुकीचेही तसेच आहे.

पाचवी गोष्ट कायद्याची. येथे जतन आणि दुरुस्ती यांतील भेद अगदी स्पष्ट होतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमानुसार, जे शस्त्र कालबाह्य बनावटीचे, पुरातन मूल्याचे वा मोडके आहे आणि दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणारच नाही, त्याला हा कायदा लागू नाही. ‘दुरुस्ती करून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. केवळ जुनी म्हणून बंदूक मुक्त होत नाही. ती पुन्हा उडविता येण्याजोगी असेल तर परवाना हवा. तेव्हा हौसेने नवी कळ बसवून, नळी साफ करून तिला चालू करणारा माणूस वारसा वाचवीत नसतो, तर विनापरवाना शस्त्र तयार करीत असतो. शिवाय बंदुकीची दुरुस्ती हा परवान्याचाच व्यवसाय आहे. गावच्या लोहाराकडून ती करून घेणे हा त्याच्यावरही अन्याय ठरतो. आपल्याकडील बंदूक कोणत्या वर्गात मोडते, हे घरात बसून ठरवू नये, परवाना अधिकाऱ्यांकडून लेखी ठरवून घ्यावे. परवान्यावर असलेल्या बंदुकीसाठी २०१६ च्या नियमांत वारसाच्या नावे परवाना करण्याची तरतूद आहे. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि वारशाच्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे.

सीमाभागात आणखी एक अडचण संभवते. एकच घराणे निपाणी आणि कागल अशा दोन्ही बाजूंना विभागलेले असते. लग्नकार्याला जाण्याइतक्या सहजतेने बंदूक हद्दीपलीकडे नेता येत नाही. परवाना ज्या क्षेत्रापुरता, त्या क्षेत्रातच तो चालतो. भावाभावांच्या वाटणीत ही गोष्ट ध्यानात न घेतल्यास वारशाचे रूपांतर खटल्यात होते. तसेच शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि १९७२ च्या कायद्यान्वये ती परदेशी नेणे सामान्य नागरिकास मना आहे. परदेशस्थ नातवंडांनी हेही जाणून असावे.

ज्या घरांना हा सांभाळ झेपत नाही, त्यांनी संकोच बाळगू नये. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर वाड्यावाड्यांतून वस्तू जमविल्या आणि तो सारा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्याच्या त्या संग्रहालयात सामान्य घरांतील वस्तू सन्मानाने नांदत आहेत. भंगारवाल्याच्या तराजूपेक्षा संग्रहालयाचे कपाट केव्हाही श्रेयस्कर.

परंतु घरात असो वा संग्रहालयात, बंदुकीबरोबर तिची हकीकत गेली नाही तर ती नुसती लोखंडाची नळी उरते. ती कोणाच्या हातची, कोणत्या चाकरीत मिळाली, कोणत्या साली जमा करावी लागली आणि परत कशी आली, या गोष्टी घरातील वृद्धांनाच ठाऊक असतात. या भागात त्या मराठीत सांगितल्या जातात तशा कानडीतही. दोन्ही लिहून घ्याव्यात. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून आणि ज्याला कागदाचा आधार आहे ते तसे नमूद करावे. मोडी दप्तरात एखादी सनद, एखादी यादी, एखादी पावती सापडली तर तिची नक्कल सोबत ठेवावी.

हे काम वाचनालयाने अंगावर घ्यावे, अशी या प्रसंगी नम्र सूचना आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. एक नोंदवही, एक छायाचित्रकार आणि मोडी वाचणारा एक जाणकार एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. सभासदांच्या घरांतील जुन्या वस्तूंची हकीकत तीत उतरावी. वस्तू ज्याच्या घरी आहे त्याच्याच घरी राहावी आणि शस्त्राच्या बाबतीत मालकाचे नाव-पत्ता गोपनीय ठेवावा. येत्या खंडेनवमीला बंदूक खाली उतरेल, तेव्हा तिच्याशेजारी एक वही आणि लेखणीही ठेवली जावी. घरातल्या आजोबांना त्या दिवशी पाटावर बसवून पहिला प्रश्न विचारावा, ‘‘ही आपल्या घरी आली कशी?’’ पुसायचे काम त्यानंतर.